साडीचा रंग आणि पापणीवरचा रंग: नाशिकच्या समारंभांसाठी आयशॅडो कशी निवडावी?

अंजिरी (कॉलेज रोड)

लग्नसराई जवळ आली की मेन रोडच्या आणि कॉलेज रोडच्या दुकानांत ब्लाउजपीसचा तुकडा हातात धरून नेमक्या त्याच रंगाची आयशॅडो मागणाऱ्या मुली आणि बायका हमखास दिसतात. साडी मोरपंखी तर पापण्याही मोरपंखी, साडी राणी तर पापण्याही राणी, हा हिशेब आपल्याकडे इतका रुळला आहे की दुकानदारही दुसरे काही सुचवत नाहीत. माझे मत वेगळे आहे. ते सविस्तर मांडावे आणि इतरांचेही अनुभव समजून घ्यावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

डोळ्यांवरचा रंग ठरवताना साडीच्या अंगाचा रंग सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, असे मला वाटते. समोरचा माणूस बोलताना आपला चेहरा पाहतो आणि त्या चौकटीत साडीचे अंग फारसे येतच नाही. येते ती कपाळावरची चंद्रकोर, नथ, कानांतल्या कुड्या, गळ्यातली ठुशी, ब्लाउजचा गळा आणि खांद्यावरून गेलेला काठ. म्हणजे डोळ्यांना सर्वांत जवळचा रंग बहुतेक वेळा लाल किंवा मरून असतो आणि त्यानंतर मोत्यांचा पांढरा व सोन्याचा पिवळा येतो. परदेशी व्हिडिओंमधले रंगांचे तक्ते कपड्यावरून थेट पापणीवर उडी मारतात, कारण तेथे कपाळ मोकळे असते. आपल्या कपाळावर लाल चंद्रकोर असताना पापणीभर गडद हिरवा रंग भरला, तर रंगचक्रातले समोरासमोरचे दोन रंग जेमतेम दोन बोटांच्या अंतरावर येतात, एकमेकांना भडक करतात आणि डोळा मात्र मध्येच हरवतो. हिरवा शालू नेसलेल्या नवरीच्या पापणीवर विटकरी, तांबूस किंवा अंजिरी छटा अधिक खुलते, याचे कारण मला हेच वाटते. ती छटा कुंकवाच्या घरातली असते आणि शालूच्या हिरव्याला लांबून उठाव देते.

म्हणून माझा क्रम असा असतो की आधी टिकली आणि सोने पाहावे, मग काठ आणि जर, मग ब्लाउज आणि शेवटी साडीचे अंग. अंगाचा रंग डोळ्यांवर आणायचाच असेल तर तो खालच्या पापणीच्या बाहेरच्या टोकाला, पेन्सिलीच्या एका बारीक रेघेपुरता आणावा.

आता नेमका प्रश्न. घरातल्या लग्नात मला मोरपंखी अंगाची आणि जांभळ्या काठांची पैठणी नेसायची आहे. मुहूर्त सकाळचा आहे आणि स्वागत समारंभ संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर आहे. पापणीवर तांबूस सोनेरी, पापणीच्या घडीत अंजिरी आणि खाली मोरपंखी रेघ असा विचार आहे. दोन्ही वेळांना हेच चालेल का, की संध्याकाळी बदलावे लागेल?

मोरबांगडी (येवला)

अंजिरीताई, आमच्या घरी माग आहेत, त्यामुळे कापडाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट अशी की तुमची पैठणी धूपछांव आहे का, हे आधी पाहा. धूपछांव विणीत ताण्याचा (उभा) धागा एका रंगाचा आणि बाण्याचा (आडवा) दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे कापड सपाट धरले की एक रंग दिसतो आणि निरी वळली की दुसरा उमटतो. मोरपंखी अंगात पुष्कळदा एक धागा हिरवा आणि एक निळा असतो. अशा साडीचा ‘नेमका रंग’ शोधायला गेलात तर तो कधीच सापडणार नाही, कारण तो एक नसतोच. पदर खांद्यावर घेऊन आरशासमोर उभे राहा, खांदा थोडा वळवा आणि हनुवटीखाली दोघांपैकी कोणता धागा पुढे येतो ते पाहा. रेघेसाठी तोच रंग घ्या.

दुसरी गोष्ट जरीची आहे. ‘सोनेरी’ म्हणून आपण सगळ्याच जरी एका ओळीत बसवतो, पण त्यांच्यात बराच फरक असतो. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो आणि तिची झाक मऊ, थोडी फिकट असते. नकली जरीत तांब्याची तार किंवा पॉलिस्टरची चमकपट्टी असते. त्यातली एखादी तांबूस दिसते, तर एखादी लिंबासारखी पिवळी. पापणीवरची सोनेरी चमक निवडताना काठ हाताच्या पाठीवर ठेवून शेजारी ती आयशॅडो बोटाने ओढून पाहावी. लिंबासारख्या पिवळ्या जरीशेजारी तांबूस सोनेरी छटा मळकट वाटते आणि तांबूस जरीशेजारी पिवळी छटा पितळी वाटते. दुकानात हे पाहताना दारापर्यंत जाऊन उजेडात पाहा. आमच्याकडे गिऱ्हाईक साडी पसंत करताना ती ओट्यावर आणून पाहते, त्याच चोखंदळपणाने आयशॅडोही पाहायला हवी.

साजशृंगार (नाशिकरोड)

मी नवरीच्या मेकअपचे काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे, पण रंग निवडण्याआधी त्वचेचा आणि प्रसंगाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याकडे गव्हाळ आणि सावळा वर्ण अधिक. बाजारात मिळणाऱ्या फिकट गुलाबी, फिकट निळ्या किंवा पोपटी आयशॅडोंमध्ये पांढऱ्या द्रव्यांचे प्रमाण पुष्कळ असते, त्यात टिटॅनियम डायॉक्साइड हे प्रमुख. डबीत या छटा गोड दिसतात, पण सावळ्या पापणीवर लावल्या की राख पुसल्यासारख्या दिसतात. यात त्या त्वचेचा काहीही दोष नाही, दोष त्या पांढऱ्या द्रव्याचा आहे. फिकट रंगच हवा असेल तर खाली त्याच घराण्यातली एक गडद क्रीम पेन्सिल बोटाने पसरून घ्यावी आणि मग वरून पावडर थोपटावी. अबोली साडीसाठी खाली विटकरी आणि वर अबोली, किंवा आकाशी साडीसाठी खाली गडद निळा आणि वर आकाशी. एवढ्याने त्याच डबीतला रंग जिवंत होतो. सावळ्या वर्णावर डाळिंबी, वांगी, मोरपंखी, तांबे आणि गडद सोनेरी हे रंग इतके सुंदर दिसतात की अशा मुलींनी फिकट छटांच्या मागे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तुमच्या सकाळच्या मुहूर्ताविषयी. सकाळच्या उजेडात चमक कमी आणि मॅट रंग अधिक ठेवावा. विधींमध्ये होमाचा धूर असतो, लाजाहोमाच्या वेळी डोळ्यांना पाणी येतेच आणि नवरीच्या तर कानांपाशी मुंडावळ्या हलत असतात, त्यामुळे हात वारंवार चेहऱ्याकडे जातो. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरले तर तासाभरात ते गालावर उतरते. खालची रेघ पापणीच्या केसांच्या बाहेर, पाण्याने न निघणाऱ्या पेन्सिलीची असावी आणि तिच्यावर त्याच रंगाची पावडर बारीक ब्रशने दाबून घ्यावी. मी हे नेहमी असे करते: पेन्सिलीची रेघ ओढल्यावर ती ओली असतानाच ब्रशचे टोक पावडरीत बुडवून, झटकून, बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या दिशेने टिपत जाते आणि डोळ्याच्या मध्यावर थांबते. आतला अर्धा भाग मोकळा ठेवल्याने डोळा मोठा राहतो.

संध्याकाळी लॉन्सवर परिस्थिती पूर्ण बदलते. तेथे पिवळ्या दिव्यांच्या माळा असतात आणि मंचावर पांढरे झगझगीत दिवे असतात. पिवळ्या प्रकाशात निळा आणि जांभळा काळपट होतात, तांबूस आणि सोनेरी मात्र खुलतात. तुमची अंजिरी घडी संध्याकाळी नुसती सावली वाटेल. त्यामुळे पापणीच्या मध्यावर तांबूस सोनेरीचा आणखी एक थर बोटाने थोपटावा आणि खालच्या मोरपंखी रेघेऐवजी तिच्यापेक्षा एक पायरी उजळ रेघ घ्यावी. सगळे पुसून नव्याने करण्याची गरज नाही.

रंगपेटी (पंचवटी)

मी शाळेत चित्रकला शिकवत असे. अंजिरी यांनी लाल चंद्रकोरीविषयी जे लिहिले आहे, त्यामागे रंगशास्त्रातला एक जुना नियम आहे आणि त्याचा जन्म योगायोगाने कापडाच्याच व्यवसायात झाला.

मिशेल युजेन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळ्या रंगात दम नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तपासले तेव्हा काळा रंग व्यवस्थित होता, असे दिसले. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो फिका भासत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केला.

पापणीच्या बाबतीत याचा सर्वांत मोठा परिणाम उदासीन छटांवर होतो. केशरी साडीसोबत ‘काहीही चालेल असा’ म्हणून राखाडी रंग लावला जातो, पण केशरीच्या सान्निध्यात राखाडी निळसर भासतो आणि डोळ्याखाली मार लागल्यासारखा दिसतो. हिरव्या साडीजवळ तोच राखाडी तांबूस भासतो, पिवळ्याजवळ जांभळट. म्हणजे ‘सर्वांवर चालणारा’ रंग प्रत्यक्षात प्रत्येक साडीवर निराळा असतो. केशरी कपड्यांवर राखाडीऐवजी चॉकलेटी किंवा मेंदीकडे झुकणारा तपकिरी घ्यावा, असे माझे मत आहे. हा परिणाम डबीत पाहून कळत नाही, साडी खांद्यावर घेतल्यावरच कळतो.

मोरबांगडी यांनी दारापर्यंत जाऊन पाहण्याची जी सूचना केली आहे, तिलाही शास्त्रीय आधार आहे. दोन वस्तूंचे रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात, कारण रेशमावरचा रंग आणि पावडरीतला रंग ही वेगवेगळी द्रव्ये असतात आणि प्रत्येक दिव्याच्या प्रकाशातले घटकही वेगळे असतात. दुकानातल्या एलईडीखाली जुळलेला जांभळा रंग गोदाघाटाच्या उन्हात जुळेलच, असे मुळीच नाही. ज्या प्रकाशात समारंभ होणार, त्याच प्रकाशात निवड करावी.

निळाई (इंदिरानगर)

सर्वांचे म्हणणे समजले, तरीही मी थोडी असहमती नोंदवते. माझ्या वयाच्या मुलींना साडीशी जुळणारा एकच रंग मनापासून आवडतो. निळा कुर्ता, निळी पापणी, कपाळावर टिकली नाही आणि कानांत चांदीचे झुमके, असे मी कॉलेजला अनेकदा करते आणि ते विसंगत दिसत नाही. एकाच रंगाचा विचार इतक्या घाईने मोडीत काढू नये.

आणखी एक विचारायचे आहे. नवरात्रात आमच्याकडे सगळ्या जणी रोजच्या ठरलेल्या रंगाचे कपडे घालून कालिका देवीच्या यात्रेला जातो. नऊ दिवस नऊ रंगांच्या आयशॅडो विकत घेणे परवडणारे नाही. मोजक्या रंगांत हे कसे जमवावे?

अंजिरी

निळाई, तुझी असहमती योग्य आहे, कारण तुझ्या उदाहरणात टिकली नाही आणि सोनेही नाही. मग डोळ्यांच्या जवळचा रंग कुर्त्याच्या गळ्याचा निळाच उरतो आणि माझ्याच क्रमाने पाहिले तरी निळा येतो. तेव्हा एकच काळजी घ्यावी. पापणीवरचा निळा कपड्यापेक्षा निदान दोन पायऱ्या गडद किंवा उजळ असावा. अगदी तोच निळा असला की पापणी आणि कापड मिळून एक सपाट पट्टा होतो. निळ्या कुर्त्यावर गडद शाईसारखी रेघ आणि पापणीवर नुसती रुपेरी चमक, हे मला पूर्ण भरलेल्या निळ्या पापणीपेक्षा अधिक देखणे वाटते.

नवरात्राच्या रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, पण बहुतेक रंग तेच असतात: पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, राखाडी, केशरी, मोरपंखी, गुलाबी किंवा जांभळा. यासाठी एक मॅट तपकिरी, एक तांबूस सोनेरी, एक वांगी आणि गडद निळी व गडद हिरवी अशा दोन पेन्सिली पुरतात. पिवळ्या दिवशी वांगी छटा घडीत घ्यावी, कारण पिवळा आणि जांभळा समोरासमोरचे रंग आहेत आणि वांगी हा जांभळ्याचा शांत भाऊ आहे. केशरी दिवशी गडद निळी रेघ आणि बाकी पापणी मोकळी ठेवावी. लाल दिवशी पापणीवर लाल मुळीच नको, रडल्यासारखे डोळे दिसतात. त्या दिवशी तांबूस सोनेरी आणि ठसठशीत काजळ घ्यावे. पांढऱ्या दिवशी मात्र मन मोकळे करून हवा तो रंग वापरावा, कारण पांढरे कापड कशाशीच भांडत नाही. राखाडी दिवशी रंगपेटी सरांचा नियम आपल्या बाजूने वापरता येतो: पापणीवर वांगी लावली की साडीचा राखाडी उबदार वाटू लागतो.

चष्मेवाली (सिडको)

चष्म्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. उणे क्रमांकाच्या भिंगामागे डोळे लहान दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी पापणीवर उजळ रंग आणि बारीक रेघ ठेवावी. अधिक क्रमांकाच्या भिंगामागे डोळे आणि त्यांवरचा प्रत्येक कणही मोठा दिसतो, त्यामुळे जाडी चमक टाळून मॅट रंग नीट मिसळून घ्यावा. चष्म्याची चौकट हीसुद्धा कपड्याइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना ती टिकलीपेक्षाही डोळ्यांच्या जवळ असते. माझी चौकट गडद तपकिरी आहे, त्यामुळे काळ्या रेघेऐवजी मी चॉकलेटी रेघ वापरते.

रंगांच्या नादात सुरक्षितता विसरू नये, ही विनंती. काही पारंपरिक सुरम्यांमध्ये शिशाचे सल्फाइड असते आणि शिसे शरीराला, विशेषतः लहान मुलांना, घातक असते. सुटा, लेबल नसलेला सुरमा कितीही काळाभोर असला तरी घेऊ नये. काही भडक गुलाबी आणि लाल छटांच्या डब्यांवर डोळ्यांभोवती वापरू नये, अशी सूचना अगदी बारीक अक्षरांत छापलेली असते, ती वाचावी. शाकाहारी मंडळींनी लेबलवर ‘कारमाइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ हा रंगद्रव्याचा क्रमांक आहे का, तेही पाहावे. हा तांबडा रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळतो. तपकिरी, पिवळ्या आणि विटकरी छटांमध्ये बहुधा लोखंडाची ऑक्साइडे असतात, ती सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ या क्रमांकांनी ओळखता येतात. मस्करा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा.

मोरबांगडी

संक्रांतीचाही विषय येथेच घेते, कारण येवल्यात तेव्हा पतंगांमुळे सगळे दिवसभर गच्चीवर असतात. काळ्या साडीवर काय लावावे, असे मला दरवर्षी विचारले जाते. काळ्या अंगाच्या, लाल काठाच्या चंद्रकळेवर पापणी काळी करू नये. साडी, केस आणि डोळे तिन्ही काळे झाले की चेहऱ्याचा मधला भागच बुजतो. काळे काजळ पुरेसे आहे आणि पापणीवर डाळिंबी किंवा विटकरीचा हलका हात पुरतो. हलव्याचे दागिने घातले असतील तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात मोतिया रंगाचा एक ठिपका द्यावा, त्या पांढऱ्याशी तो छान बोलतो. त्या दिवसांत थंडीने पापणीची त्वचा कोरडी असते आणि पावडर भेगांत अडकते, म्हणून आधी किंचित क्रीम लावून ते मुरू द्यावे.

आजोळ (गंगापूर रोड)

मी साठी ओलांडली आहे. नातीच्या लग्नात मला वांगी रंगाची नारायणपेठ नेसायची आहे आणि मुली आग्रहाने पापण्यांवर चमकी लावू पाहतात. मला रंग आवडतात, परंतु चमकी पापणीच्या सुरकुत्यांत जाऊन बसते आणि डोळे थकलेले दिसतात. या वयात रंग सोडून द्यावेत का?

साजशृंगार

काकू, रंग मुळीच सोडू नका, फक्त त्यांची जागा बदला. पापणी सैल झाली की तिच्यावर भरलेला रंग डोळे उघडल्यावर घडीत लपतो. म्हणून पूर्ण पापणीवर बदामी मॅट छटा घ्या आणि वांगी रंग पापणीच्या वरच्या केसांच्या मुळांशी, सरळ काळ्या रेघेच्या जागी लावा. ओल्या चपट्या ब्रशने वांगी पावडर उचलून केसांच्या मुळाशी टेकवत गेलात तर हात थरथरला तरी रेघ वाकडी दिसत नाही. चमक हवीच असेल तर ती भुवईखाली न लावता पापणीच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढीच, अगदी बारीक कणांची लावा. भुवया विरळ झाल्या असतील तर त्या करड्या-तपकिरी पेन्सिलीने आधी भरून घ्या, कारण भुवई नीट असली की पापणीवर निम्माच रंग पुरतो. नारायणपेठेच्या काठातली जर तांबूस असेल तर ती चमकही तांबूसच निवडा. सून किंवा लेक सोबत असेल तर लग्नाच्या आधी एकदा दुपारी खिडकीशी बसून, साडी खांद्यावर टाकून करून पाहा.